डावी बाजू आमोसची

झेलिंदो बेल्लेईकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. ऐंशी ओलांडली तरी तो सायकलच चालवत असे. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी ग्वेर्झोनी गाड्यांचे मालक आमच्या किल्ल्यासमोरच्या चौकात जमत, तेव्हाही तो सायकलवरूनच येई. सायकल कारंज्याला टेकवायची, पँटच्या पायाला लावलेले चिमटे काढून खिशात टाकायचे आणि मग एकेका गाडीच्या उजव्या बाजूवरून हात फिरवत पुढे जायचं, असा त्याचा क्रम. डाव्या बाजूला तो जात नसे. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. लक्षात आल्यावर मी ते वहीत लिहून ठेवलं, कुणाजवळ बोलले मात्र नाही.

ग्वेर्झोनी आमच्याच पानारो नदीकाठचा. विहिरींचे पंप दुरुस्त करता करता त्याला शर्यतीच्या गाड्यांचं वेड लागलं आणि १९५७ पासून १९६६ पर्यंत त्याने मोजून सतरा गाड्या बांधल्या. इंजिन त्याचं. अंगावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र बेल्लेईंच्या शेडमध्ये, हातोड्याने ठोकून घडवलेला. सतरापैकी अकरा आज शिल्लक आहेत. सातव्या क्रमांकाची माझ्याकडे आहे. माझे यजमान ओत्तावियो जनावरांचे डॉक्टर होते, आणि ती लाल गाडी घेऊन ते गोठ्यागोठ्यांतून फिरत. शेतकरी म्हणत, "गाय अडली की आधी आवाज येतो, मग डॉक्टर येतात." ओत्तावियो २००६ मध्ये गेले. गाडी मी ठेवली. गाडी ठेवली म्हणजे मालक मंडळात जावं लागतं, वर्गणी भरावी लागते आणि मे महिन्यात चौकात टोपी घालून उन्हात बसावं लागतं.

झेलिंदोला मी ओळखते ती नन्सच्या बालशाळेपासून. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो डाव्या हाताने पेन्सिल धरी म्हणून सिस्टर एर्मिनिया त्याचा डावा हात रुमालाने बाकाला बांधून ठेवत. तो रडत नसे. उजव्या हाताने वेड्यावाकड्या रेघा काढी आणि शाळा सुटली की डाव्या हाताने दगड मारून आमच्या बागेतली जर्दाळू पाडी. त्याचा थोरला भाऊ आमोस गप्प, नीटनेटका, उजव्या हाताचा. धाकट्याच्या हाताची गाठ तो रोज सोडवी आणि रुमाल घडी करून सिस्टरना परत देई.

पुढे हेच दोन हात त्यांच्या धंद्यात कामाला आले. बापाच्या शेडमध्ये ते दोघं एकाच गाडीवर एकाच वेळी काम करत. आमोस डाव्या बाजूला, झेलिंदो उजव्या बाजूला. एक उजवा, एक डावखुरा, त्यामुळे हातोडे एकमेकांच्या आड येत नसत. नकाशा नव्हता, माप नव्हतं. लाकडाचा एक ओबडधोबड सांगाडा, वाळूने भरलेली चामड्याची पिशवी, आणि डोळे. पत्रा पिशवीवर ठेवून आतून ठोकायचा, मग उलटा करून बाहेरून सारखा करायचा, आणि अधूनमधून डोळे मिटून तळहात फिरवून बघायचा. मी एकदा ओत्तावियोंबरोबर तिथे गेले होते. दोघांचे घाव एका लयीत पडत होते. एक थांबला की दुसरा थांबे. पण दोन माणसांचे दोन हात. दोन्ही बाजू अगदी सारख्या कशा होणार? आमोसची चाकावरची कमान जरा भरदार असे, पुढे झुकलेली. झेलिंदोची थोडी सपाट. समोरून बघणाऱ्याला काही कळत नसे. गाडी उभी असली तरी किंचित वळण घेत असल्यासारखी दिसे, एवढंच.

११ मार्च १९६४, बुधवार. त्या दिवशीच्या वहीत दोनच ओळी आहेत: "धुकं. बेल्लेईंच्या आमोसला मुलगी झाली. शेडमध्ये मिलानचे लोक फोटो काढायला आले होते." आमोस इस्पितळात होता. फोटोवाल्यांना उजेड हवा होता, आणि खिडकी डाव्या बाजूला होती. त्यांनी झेलिंदोला तिथे उभं केलं. हातात हातोडा, दुसरा हात आमोसच्या कमानीवर. एप्रिलमध्ये मासिक आलं. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: "या दोन हातांतून घडते गाडी." भावाचं नाव कुठेच नव्हतं.

आमोसने ते मासिक पेपरच्या टपरीवर उभ्या उभ्या वाचलं. शेडमध्ये गेला, चामड्याचा ॲप्रन खुंटीला लावला, जेवणाचा डबा उचलला आणि निघून गेला. भांडण म्हणावं तर तेही झालं नाही. ट्रॅक्टरच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. तिथे यंत्राच्या एका दाबात मडगार्ड तयार होई, दिवसाला दोनशे. सव्वीस वर्षं त्याने ते केलं. झेलिंदो त्या आठवड्यात म्हणाला होता की मासिकाला पत्र लिहितो. ग्वेर्झोनी म्हणाला, जाहिरात बरी झाली आहे, राहू दे. ते राहिलं. आमोस १९९८ मध्ये वारला. झेलिंदो चर्चमध्ये शेवटच्या रांगेत उभा होता आणि शवपेटी बाहेर यायच्या आत निघून गेला.

गावातल्या म्हाताऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. मलाही होतं. पण गाड्यांच्या किमती वाढल्या, मालक मंडळ निघालं, बाहेरगावचे लोक आले, आणि त्यांच्यासाठी झेलिंदो हा "सतरा गाड्या एका हाती घडवणारा उस्ताद" झाला. दरवर्षी त्याला सावलीतली खुर्ची मिळे आणि फुलं मिळत. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आता फाउस्तोबद्दल. फाउस्तो चीज बनवतो. पहाटे चारला उठून कढया पेटवणारा माणूस. त्याने अकराव्या क्रमांकाची गाडी फेर्रारा बाजूच्या एका कोठारातून उचलून आणली. तिच्यावर चाळीस वर्षं कोंबड्या बसत होत्या. सात वर्षं तो सुट्टीच्या दिवशी तिच्यापाशीच असे. त्याची बायको लोरेदाना सगळ्यांना सांगत सुटे, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. आधी गाडीचे गुडघे, मग माझे." तो हसून म्हणे, "तुझे गुडघे चालतात तरी. हिचे फिरतसुद्धा नव्हते."

अशा गाडीला मान मिळतो तो "मूळ अंग" या पाटीने. पितळेची छोटी पाटी, दाराच्या आत बसते. तिच्यासाठी मिलानहून गालिम्बेर्ती नावाचे तपासनीस येतात. यंत्राने गाडीवर उजेडाचे ठिपके पाडतात आणि दोन्ही बाजू ताडून बघतात. मार्चमध्ये त्यांचं पत्र फाउस्तोला आलं. डावी कमान उजवीपेक्षा अकरा मिलिमीटर वेगळी आहे. अर्थात ती अपघातानंतर कुणीतरी नवीन केलेली असणार. उजवीप्रमाणे दुरुस्त करून मे महिन्यात आणल्यास पाटी मिळेल, नाहीतर गाडीची नोंद "पुनर्रचित" अशी होईल.

फाउस्तो ते पत्र घेऊन धावत झेलिंदोकडे गेला. दुसरं कुणाकडे जाणार?

४ एप्रिल, गुरुवारी सकाळी झेलिंदो माझ्या दारात आला. टोपी हातात.

"आल्बा, गेल्या वर्षीची अक्रोडाची दारू आहे का गं?"

"सकाळचे दहा वाजलेत."

"म्हणून तर लहान पेल्यात मागतोय."

मी दिली. त्याने पेला हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"फाउस्तोने गाडी माझ्या शेडमध्ये आणून ठेवली आहे. रोज हातोडा घेतो, उभा राहतो आणि ठेवून देतो. तीन आठवडे झाले."

"हात दुखतो का?"

"हात ठणठणीत आहे. ती बाजू ठणठणीत आहे. आमोसची आहे ती. वेडीवाकडी काही असेल तर ती माझी बाजू."

"मग फाउस्तोला तसं सांग."

"सांगू? काय सांगू?" त्याने पेला टेबलावर ठेवला. "पंचावन्न वर्षं खुर्चीवर बसून फुलं घेतली. आता सांगू की अर्धी फुलं चोरीची होती?" मग म्हणाला, "आणि एवढंच नाही. या पाटीच्या नादात मालकांनी एकेक करून डाव्या बाजू सरळ करून घेतल्या. काहींनी मोदेना शहरातल्या गॅरेजात. चौघांनी माझ्याकडे. मी केल्या, आल्बा. प्रत्येक वेळी म्हटलं, अजून बाकीच्या आहेत की. आता अख्खी अशी ही एकच राहिली. कोंबड्या बसल्या होत्या म्हणून वाचली."

"माझी?" मी विचारलं.

"तुझी तर चौऱ्याहत्तर सालीच गेली. डॉक्टरांनी धुक्यात बिटाच्या ट्रॉलीवर घातली होती ना? डावी बाजू मीच केली. तू कॉफी घेऊन आली होतीस."

ती कॉफी माझ्या वहीत आहे. पण त्या दिवशी आमोसची एक कमान भंगारात गेली, हे मला आजवर कळलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "ठोकलीस तर फाउस्तोला पाटी मिळेल आणि तुला फुलं. नाही ठोकलीस तर कारण सांगावं लागेल. मधला रस्ता मला तरी दिसत नाही."

"तू लहानपणापासून अशीच," तो म्हणाला. "सिस्टर एर्मिनियासारखी." आणि पेला एका घोटात रिकामा करून निघून गेला.

१९ मे, रविवार. ऊन, वारा नाही. चौकात सकाळी नऊपासून गाड्या लागू लागल्या. एक स्वित्झर्लंडहून आली होती, दोन बोलोन्याहून. बाकीच्या इकडच्या तिकडच्या. मालक मंडळी आपापल्या गाडीजवळ मऊ फडकं घेऊन उभी, आणि दुसऱ्याच्या गाडीकडे बघत, "छान आहे हो," म्हणत चुका शोधत होती. चर्चच्या बायकांनी चौकाच्या कडेच्या इमारतीच्या कमानींखाली न्योक्को, म्हणजे पिठाच्या पुऱ्या, तळायला घेतला होता. कढईपाशी नीवेस होती. आमोसची मुलगी, त्या फोटोच्या दिवशी जन्मलेली. काकाशी ती बोलत नसे. बाप बोलत नव्हता म्हणून आईही बोलत नव्हती, आणि पुढे हिनेही तेच चालू ठेवलं.

फाउस्तोने गाडी आणली. मी आधी डाव्या कमानीकडे बघितलं. तशीच होती. फाउस्तोचा चेहरा मात्र नासलेल्या दुधासारखा झाला होता.

"डॉक्टरीणबाई," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "म्हाताऱ्याने हातच लावला नाही! काल गाडी न्यायला गेलो तर म्हणतो, धुऊन पुसून ठेवली आहे, जशी आहे तशी चौकात घेऊन ये. मी विचारलं, का? म्हणतो, उद्या सांगतो. आता ते मिलानवाले मला 'पुनर्रचित' करणार!"

"तुला नाही, गाडीला," लोरेदाना म्हणाली. "तुला करायला माणूस मिळाला असता तर मीच पाठवला असता."

साडेदहाला मंडळाचे अध्यक्ष इंजिनिअर सिगिनोल्फी माइकपाशी आले. पंधराव्या क्रमांकाची निळी गाडी त्यांची. चांगला माणूस, पण एकच भाषण बावीस वर्षं करतो. "मित्रहो, आज पुन्हा आपल्यात आहेत आपले उस्ताद झेलिंदो बेल्लेई! याच दोन हातांनी सतराच्या सतरा—"

"दोन नाही," झेलिंदो खुर्चीतून म्हणाला.

माइक नसल्याने ते पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं. सिगिनोल्फी हसले. "उस्ताद काही म्हणतायत."

झेलिंदो उठला. माइक घेतला नाही. त्याचा आवाज मुळातच मोठा, आयुष्यभर पत्र्याच्या आवाजावर बोलल्यामुळे. "दोन हात नव्हते. चार होते. डाव्या बाजू माझ्या नाहीत. डाव्या बाजू माझ्या भावाच्या, आमोसच्या. तो माझ्याहून चांगला होता."

सिगिनोल्फी म्हणाले, "बघा! एवढा मोठा कारागीर, आणि किती हा विनय!" आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकही वाजवू लागले.

"विनय गेला खड्ड्यात!" झेलिंदो ओरडला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "टाळ्या बंद करा. खोटारडा म्हणा मला. पंचावन्न वर्षं तुम्ही म्हणालात 'एका हाती', आणि मी इथे बसून फुलांचा वास घेत राहिलो. माझा भाऊ तिकडे ट्रॅक्टरची मडगार्डं दाबत होता."

टाळ्या थांबल्या. कढईतला चरचर आवाज तेवढा येत होता.

गालिम्बेर्ती पुढे आले. तरुण, सभ्य माणूस. हातात जाड वही. "बेल्लेईजी, म्हणजे अकराव्या गाडीची डावी बाजू मूळचीच आहे, असं तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं नाही. तसं आहे."

"मला तुमच्या शब्दाचा आदर आहे. पण मला शब्द लिहिता येत नाही. खूण लागते. अकरा मिलिमीटरचा फरक आहे."

"तुमचं यंत्र बाहेरून बघतं," झेलिंदो म्हणाला. "आतून बघा. हातोडा पत्र्यावर कधी सरळ पडत नाही. किंचित कलतो. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला, माझ्यासारख्या डावखुऱ्याचा दुसऱ्या. बाहेरची खूण घासून जाते, आतली राहते. कमानीखाली आरसा घाला आणि घाव कुठे कललेत ते बघा. ती बाजू मी दुरुस्त केली असती, तर दोन्हीकडे घाव एकसारखे कललेले दिसले असते."

"मोदेनात उजव्या हाताच्या कुणी केली असेल तर?"

"तर दोन घावांतलं अंतर एवढं सारखं नसतं. आमोस घाव मोजायचा. मी कधी मोजले नाहीत." तो माझ्याकडे वळला. "आधी माझं काम बघा, म्हणजे फरक कळेल. आल्बाची गाडी बघा. तिची डावी चौऱ्याहत्तर साली मी केली."

चौकातले सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या दारात "मूळ अंग"ची पाटी होती. ओत्तावियोंनी ती १९९१ मध्ये मिळवली होती. बिटाच्या ट्रॉलीबद्दल ते तपासनिसांना काही बोलले नव्हते, आणि मीही नाही. मी पर्समधून किल्ली काढली आणि गालिम्बेर्तींच्या हातावर ठेवली.

"आतून चिखल असेल," मी म्हटलं. "यजमान गोठ्यांत जात. धुवायची वेळ आली नाही."

कुणीतरी कारंज्यातून बादली भरून आणली. गालिम्बेर्तींनी कोट काढला, चौकाच्या दगडांवर सतरंजी टाकली आणि चाकाशेजारी आडवे झाले. आरसा आणि टॉर्च कमानीखाली घातली. आधी माझी गाडी, उजवी आणि डावी. मग फाउस्तोची, उजवी आणि डावी. अर्धा तास गेला. फाउस्तो इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. लोरेदानाने त्याच्या हातात लाम्ब्रुस्को वाइनचा पेला दिला, "हे पी, नाहीतर तुझी पुनर्रचना मला करावी लागेल."

इकडे मालक मंडळींत कुजबुज सुरू झाली होती. बोलोन्याचे एक गृहस्थ झेलिंदोसमोर येऊन उभे राहिले. "माझी डावी तुम्ही दोन हजार अकरा साली सरळ केलीत. तेव्हा तर म्हणालात, आता गाडी जशी हवी तशी झाली!"

"तुम्हाला हवी तशी झाली, असं म्हणालो होतो."

"म्हणजे माझी पाटी खोटी?"

"पाटी खरी आहे. गाडी मी खोटी केली," झेलिंदो म्हणाला. "माफी मागतो. पण परत करता येणार नाही. ती करणारा राहिला नाही."

गृहस्थ काही बोलणार होते, तेवढ्यात गालिम्बेर्ती उठले. पाठीला धूळ, केसात वाळलेला चिखल, बहुधा साठ सालातला. ते माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सिन्योरा, तुमच्या गाडीत दोन्हीकडचे घाव एकाच हाताचे आहेत. मला पाटी काढून घ्यावी लागेल."

"काढा," मी म्हटलं. स्क्रू गंजले होते. त्यांना वेळ लागला.

मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अकराव्या गाडीत दोन बाजूंना दोन हात आहेत. डाव्या बाजूचे घाव उलट दिशेला कललेले आहेत, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका अंतरावर. इतकं एकसारखं हाताचं काम मी पाहिलेलं नाही. माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. तो मी करून घेईन."

फाउस्तोने आधी लोरेदानाला मिठी मारली, मग झेलिंदोला, मग चुकून सिगिनोल्फींना.

नीवेस कढई सोडून कधी आली ते मला दिसलं नाही. हाताला पीठ तसंच. ती सरळ अकराव्या गाडीपाशी गेली. झेलिंदो उजव्या बाजूला उभा होता, ती डाव्या. दोघांच्या मध्ये गाडी.

"माझ्या जन्माच्या दिवशी फोटो काढून घेतलात, काका," ती म्हणाली.

"हो."

"बाबांनी ते मासिक जपून ठेवलं होतं. आई म्हणायची जाळून टाका. ते म्हणायचे, असू दे, फोटोत माझी कमान चांगली आली आहे."

झेलिंदोने उजव्या मडगार्डवर हात टेकला.

"तुला घरी येऊन सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "त्याला सांगायला हवं होतं. जिवंत असताना."

"हो, हवं होतं." तिने त्याला सूट दिली नाही. मग पिठाचा हात ॲप्रनला पुसून तिने तो डाव्या कमानीवर ठेवला आणि हळूहळू पुढे नेला. फाउस्तो "रंग, रंग!" असं काहीतरी पुटपुटला; लोरेदानाने त्याच्या पायावर पाय दिला.

"डोळे मिट," झेलिंदो म्हणाला. "डोळे उघडे ठेवून कळत नाही."

तिने मिटले. बराच वेळ हात फिरवला. मग डोळे उघडून म्हणाली, "बाबा घरी नेहमी म्हणायचे, झेलिंदोची बाजू शेवटी जरा घाई करते."

"करते," तो म्हणाला. "बरोबर म्हणायचा."

"या बाजूला या मग. तिकडे काय उभे आहात?"

तो बॉनेटला वळसा घालून गेला. पायाखालचे दगड वर-खाली असल्यासारखा, जपून चालत. तिने त्याच्यासाठी जागा केली, पण हात धरला नाही. न्योक्को जळल्याचा वास आला तशी ती "अरे देवा" म्हणत कढईकडे पळाली.

त्यानंतरच्या मंगळवारी, २१ मेला, झेलिंदो माझ्या स्वयंपाकघरात आला. गालिम्बेर्तींनी सतराही गाड्यांची लेखी नोंद मागितली होती: कुठली बाजू कुणी केली, नंतर कुणी बदलली. झेलिंदोचं उजव्या हाताचं अक्षर त्याला स्वतःला वाचता येत नाही, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. सिगिनोल्फीही आले होते, मंडळाचा शिक्का घेऊन. जरा अवघडून बसले होते.

झेलिंदो सांगत गेला, मी लिहीत गेले. एक: डावी आमोस, उजवी मी; दोन हजार तीन साली डावी मोदेनात बदलली. दोन: डावी आमोस, गाडी जळाली. सात: डावी आमोस, चौऱ्याहत्तर साली मी बदलली. प्रत्येक ओळीला तो "आमोस" हे नाव पूर्ण उच्चारी, आणि मी ते लिहून होईपर्यंत थांबे. बदललेल्या पाच बाजूंना "मी" म्हणताना आवाज खाली जाई. मी पुन्हा विचारे, तो पुन्हा मोठ्याने सांगे. अकराव्या ओळीनंतर त्याने पाणी मागितलं.

"चौदा," तो म्हणाला. "या गाडीवर काम चालू असताना तो शेड सोडून गेला. डावी दारापर्यंत आमोस, पुढे मी."

"सांधा दिसतो का?" सिगिनोल्फींनी विचारलं.

"दिसत नाही. बोटाला लागतो."

मी ते तसंच लिहिलं. मग सिगिनोल्फींनी घसा साफ केला. "आणि माझी? पंधरावी?"

"दोन्ही बाजू मी एकट्याने. तो गेल्यानंतरची पहिली. लाकडी माप करून घेतलं होतं, इकडून तिकडे उलटं लावून बघायचो. मिलिमीटरचाही फरक नाही."

सिगिनोल्फींना बरं वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "म्हणजे अगदी अचूक."

"अचूक," झेलिंदो म्हणाला. "आणि इंजिनिअरसाहेब, रागावू नका. बावीस वर्षं बघतोय, तुमची गाडी चौकात नुसती उभी असते. फाउस्तोची उभी राहिली तरी निघालेली वाटते." त्याने वहीवर बोट ठेवलं. "पंधरा, दोन्ही बाजू झेलिंदो. लिही, आल्बा."